जावातली रात्रपाळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा लेख वाचला. डचांनी जावाला रस्ते, रेल्वे, शाळा आणि कालवे 'दिले' अशी त्यातली ओळ चौकट करून ठळक छापली आहे. माझी हरकत या 'दिले'ला आहे. लेखकाने वर्षे आणि नावे बरोबर दिली आहेत, पण त्या बांधकामाचा वापर कोणाच्या सोयीने ठरत होता, यावर एक वाक्यही लिहिलेले नाही.

रस्त्याचे थोडक्यात सांगतो. तिथला गव्हर्नर-जनरल डेन्डल्स याने 1808 पासून आन्येर ते पानारुकान असा सुमारे हजार किलोमीटरचा टपालरस्ता केला, तो इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने, फौज आणि डाक वेगाने हलावी म्हणून. काम वेठीने झाले. ज्यांनी खडी फोडली त्यांच्या रेड्यांच्या गाड्यांना त्या पक्क्या रस्त्यावर मज्जाव होता, त्यांना शेजारची चिखलाची वाट.

खरी गोष्ट कालव्यांची आहे आणि लेखात ती दोन ओळींत उरकली आहे. 1830 मध्ये गव्हर्नर-जनरल व्हान डेन बोशने सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. कागदावर गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारी पिकाला द्यायचा, आणि ज्याला जमीन नाही त्याने वर्षाला 66 दिवस काम करायचे. प्रत्यक्षात दोन्ही आकडे पाळले गेले नाहीत. जिल्ह्यातून जितका माल निघेल त्यावर डच अधिकाऱ्याला आणि जावानी बुपातीलाही (जिल्ह्याच्या स्थानिक कारभाऱ्याला) टक्केवारी मिळत होती. वसूल करणाराच टक्केवारीवर असल्यावर पाचवा हिस्सा पाचवा कसा राहील? ब्रांतास नदीवरचा लेंगकोंगचा बंधारा 1857 चा. त्याच्या पाण्याखालचा सिदोआर्जोचा सुपीक त्रिभुज प्रदेश पुढे साखर कारखान्यांनी भरून गेला. बंधारा उत्तम होता यात शंका नाही. प्रश्न पाणी सोडणाऱ्या दाराच्या चावीचा आहे.

उसाचा तिथला क्रम असा. भाताची कापणी झाली की गावाच्या शिवाराचा साधारण तिसरा हिस्सा कारखान्याकडे जाई. दुसऱ्या वर्षी दुसरा तिसरा हिस्सा, मग उरलेला. या फेरपालटाला तिथे 'ग्लेबागान' म्हणतात. भाताच्या चिखलाच्या जमिनीत हाताने खोल सऱ्या आणि चर काढायचे, माती काही आठवडे उन्हात तापू द्यायची, मग बेणे लावायचे. कोवळ्या उसाला चरातले पाणी हाताने उपसून घालायचे. जमीन तयार करण्यापासून ऊस तुटेपर्यंत दीड वर्षाच्या आसपास शेत अडकून पडे. लागण होते तेव्हा पावसाळा संपलेला असतो. नेमक्या त्याच कोरड्या महिन्यांत उरलेल्या शिवारात मका, सोयाबीन, भुईमूग उभे असतात. नदीला पाणी कमी आणि मागणारे दोन.

यावर तोडगा काढला तो 'दिवस-रात्र' नियमाचा. दिवसा पाणी उसाला, रात्री गावाच्या भाताला आणि इतर पिकांना. ऐकायला वाटणी सारखी वाटते, पण ज्याने कधी पाटाचे पाणी धरले आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. संध्याकाळी दार फिरवले म्हणून पाणी लगेच शेतात येत नाही. दिवसभर कोरडी राहिलेली चारी आधी पाणी पिते, मग भरते, मग धार पुढे सरकते. चारीच्या शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचेस्तोवर रात्र निम्मी सरलेली असते आणि उजाडताना दार पुन्हा उसाकडे वळते. हा भिजण्यातला तोटा रोजच्या रोज, आणि तो गावाच्या वाट्यातून. त्यात भाताची खाचरे उतरंडीची: वरचे भरून सांडल्याशिवाय खालच्याला थेंब नाही. अंधारात बांध फुटला तर सकाळी कळणार, वरच्याने चोरून पाण्याची वाट (बारे) फोडली तर तेही सकाळीच. कारखान्याचे मजूर मात्र लख्ख उजेडात मुकादमाच्या देखरेखीखाली पाणी देणार. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करून बॅटरीच्या उजेडात दारे धरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तुलना करायचीच तर आपल्या निरा डाव्या कालव्याशी करता आली असती. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत, म्हणजे कालव्याचे पाणी ठराविक क्षेत्राच्या गटाला देण्याची पद्धत, तीही उसाला तिसरा हिस्सा धरूनच होती. पण ब्लॉक मागायचा की नाही हे शेतकऱ्याने ठरवायचे आणि ऊस त्याच्या मालकीचा. जावात जमीन कुळाची, ऊस कारखान्याचा.

रेल्वेचेही तेच. पहिला मार्ग 10 ऑगस्ट 1867 रोजी सेमारांग ते तांगुंग, साधारण 25 किलोमीटर. तो ग्रोबोगानच्या बाजूने पुढे सोलो-योग्याकार्ताकडे गेला, कारण तिथे साखर आणि तंबाखू होती. याच ग्रोबोगान आणि शेजारच्या देमाकमध्ये जेमतेम अठरा वर्षांपूर्वी, 1849-50 च्या सुमारास, दुष्काळाने गावे ओस पडली होती. खाजगी कंपनीच्या दोन रुळांमधले अंतर 1435 मिलिमीटर, नंतर आलेल्या सरकारी रेल्वेचे 1067. 1894 मध्ये बटाव्हिया (आजचे जकार्ता) ते सुराबाया रूळ जोडले गेले तरी मधल्या टप्प्यात माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. दोन्ही गाड्या धावाव्यात म्हणून तिसरा रूळ टाकायला 1899 उजाडले. 1831 ते 1877 या काळात जावातून नेदरलँड्सच्या तिजोरीत 80 कोटी गिल्डरांहून अधिक रक्कम गेली आणि त्या पैशातून हॉलंडमधले लोहमार्गही झाले. कोणी कोणाला रेल्वे दिली?

शाळांबद्दल लेखात 1907 च्या गावशाळांचे कौतुक आहे. तीन वर्षांची ती शाळा बांधायला आणि चालवायला गावाने स्वतः पदरमोड करायची होती, हे का गाळले? 1930 च्या जनगणनेत स्थानिक लोकांपैकी साक्षर शंभरात सहाच्या थोडे वर. आणि लोकांनी स्वतः शाळा काढल्या, तेव्हा 1932 मध्ये त्यांना परवान्याची सक्ती करणारा वटहुकूम निघाला. 'तामान सिस्वा' या स्वदेशी शाळांच्या चळवळीचे की हाजार देवांतार यांनी विरोध उभा केला म्हणून पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला.

डचांच्या ज्या कामाचे मनापासून कौतुक करावे ते मात्र लेखात नाहीच. पासुरुआनच्या ऊस संशोधन केंद्राने 1921 मध्ये पीओजे 2878 हे वाण काढले. ते आपल्या दख्खनच्या कालव्यांवरही आले, आणि कोइमतूरला त्याचाच संकर करून को 419 निघाला. महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीचा पाया ज्या 419 वर उभा राहिला, त्याची आई जावाची. मराठी वाचकासाठी जावावर लिहिताना हे सुटावे, याचे वाईट वाटले.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर वेंगुर्ल्याच्या वखारीचे छायाचित्र आहे आणि खाली 'पोर्तुगीज किल्ला' असे छापले आहे. ती वखार डचांची. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या मुलखात त्यांनी ती थाटली, आणि गोव्यातल्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा आधार होता. डचांवरच्या लेखात डचांची वखार त्यांच्या शत्रूच्या नावावर लावली गेली आहे. चौकटीतल्या ओळीबद्दल आपले मत वेगळे असू शकते, पण छायाचित्राच्या ओळीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, बारामती