सिल्व्हियाची बाजू

पुणे,
रविवार

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फ्रेंच नाटककार मारिव्होचं ‘प्रेमाचा आणि योगायोगाचा खेळ’ तू नाटकाच्या ग्रुपसाठी वाचलंस याचा फार आनंद झाला. पण तिसऱ्या अंकात नायिका सिल्व्हिया तुझ्या मनातून साफ उतरली, हे वाचून मात्र चैन पडेना. “सगळं कळल्यावरही त्या पोराला झुलवत ठेवते, हा निव्वळ दुष्टपणा आहे,” असं तू लिहिलंस. मला तिची बाजू मांडायचीच आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिला प्रवेश पुन्हा उघड. स्थळ चालून आलंय; मुलगा देखणा, घराणं उत्तम, वडिलांच्या जुन्या मित्राचा मुलगा. मोलकरीण लिझेतला कळतच नाही की आता अडलंय कुठे. तेव्हा सिल्व्हिया तिला तेर्सांद्र नावाच्या ओळखीच्या गृहस्थाच्या घरची गोष्ट सांगते. ती त्यांच्याकडे गेली, तर तो हसतमुखाने, हात पसरून सामोरा आला. आत्ताच कुणाशी तरी छान गप्पा मारून उठला असावा असा चेहरा. आणि आत बायको खचून बसलेली, चेहरा काळवंडलेला, डोळे नुकतेच रडून आलेले. सिल्व्हियाला वाटतं, उद्या माझंही चित्र हेच असेल. या नाटकाला आपण विनोदी म्हणतो, आणि ते आहेच. पण त्याचा पाया एका मुलीच्या भीतीवर घातलेला आहे. चारचौघांत गोड वागणारा माणूस दार लावल्यावर कसा असेल, हे तिला लग्नाआधी कळायला हवंय.

म्हणून मुलाला ओळख न देता पारखायला ती मोलकरणीचे कपडे घालते आणि लिझेतला आपले देते. नेमकी तीच युक्ती त्या मुलाला, दोरांतलाही सुचते. तो नोकर ‘बूर्गिन्यों’ होऊन येतो आणि त्याचा खरा नोकर आर्लकँ धनी बनून रुबाब करतो. हे दुहेरी सोंग वडील मस्य ऑर्गों आणि भाऊ मारिओ यांना पहिल्यापासून ठाऊक असतं, आणि आपल्यालाही. तू लिहिलंस की त्यामुळे उत्सुकता संपते. मला उलट वाटतं. कोण कोण आहे हा प्रश्नच मारिव्होने काढून टाकलाय, त्यामुळे आपलं सगळं लक्ष मनावर राहतं. एका नोकरावर आपला जीव जडतोय हे कबूल करायला सिल्व्हिया तयार नाही. चिडते, रडकुंडीला येते, लिझेतवर खेकसते. दुसऱ्या अंकाच्या बाराव्या प्रवेशात तो ‘मी दोरांत’ म्हणून सांगून टाकतो, आणि ती स्वतःशी म्हणते, आता मला माझं मन स्पष्ट दिसतंय. आणि प्रवेशाच्या शेवटी, हा दोरांतच असण्याची मला किती गरज होती! हे दुसरं वाक्य मला फार आवडतं. तिची सुटका झालीय, आणि ती सुटका फुकटात झालीय.

इथून तुझी तक्रार सुरू होते, आणि माझ्या मते इथूनच नाटक मोठं होतं. तिला तो कोण हे कळलं. तो कसा आहे हे अजून कुठे कळलंय? म्हणून ती मोलकरीणच राहते आणि मारिओला खोटा प्रतिस्पर्धी म्हणून उभा करते. तिसऱ्या अंकाचा आठवा प्रवेश तुझ्या नायिकेकडून मोठ्याने वाचून घे. दोरांत निरोप घेऊन निघतो. सिल्व्हिया एकटी. हा गेला तर माझं प्रेम संपलं, म्हणते. मग, थांबला वाटतं... विचार करतोय... मी मान वळवते का ते बघतोय... पण मी कशी हाक मारू? सांग बघ, दुष्ट बाई असं बोलेल? तिच्या हातात एकच गोष्ट आहे, हाक न मारणं, आणि तेवढं करताना तिचा जीव कासावीस होतोय. शेवटी तो परत येतो आणि मोलकरीण समजूनच तिला लग्नाचं विचारतो. माझी संपत्ती दोघांना पुरेल, गुणांची किंमत जन्माइतकीच असते, म्हणतो. तेर्सांद्रच्या बायकोला जे कधी मिळालं नाही, ते हिने लग्नाआधी मिळवलं.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते, आणि ती तुझ्या पत्रात नाही. गुणांचं आणि जन्माचं ते वाक्य दोरांतला बोलावं लागतं, सिल्व्हियाला नाही. आणि लिझेत-आर्लकँचं काय? ‘साहेबांच्या बैठकीबाहेरचा शिपाई’ आणि ‘बाईसाहेबांची वेणी घालणारी’ अशी त्यांची ओळख उघड होते, दोघं हसतात आणि आपल्या पायरीवर परत जातात. त्यांच्यासाठी कुणी कसलाच त्याग करत नाही. ते हसू तुम्ही हलकं करू नका, एवढी विनंती.

नटांबद्दल विचारलं होतंस. २३ जानेवारी १७३० ला पॅरिसच्या ओतेल द बूर्गोन्य नाट्यगृहात पहिला प्रयोग इटालियन मंडळींनी केला. चौदाव्या लुईने १६९७ मध्ये हाकललेल्या इटालियन नटांच्या जागी, तो राजा वारल्यावर १७१६ मध्ये लुइजी रिक्कोबोनीची ही नवी मंडळी बोलावली गेली. सिल्व्हिया झाली झानेत्ता बेनोत्सी. रंगभूमीवर तिचं नावच सिल्व्हिया. तिच्यासाठी मारिव्होने बरंच लिहिलं. हे नट अंगाने बोलणारे, म्हणून संवाद कितीही नाजूक असले तरी खुर्चीत बसून म्हणायचे नाहीत, हे तुझ्या पोरांना सांग. फ्रेंच विनोद आपल्याला परका नाही म्हणा. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं मूळही इंग्रजीमार्गे मोलिएरपाशीच जातं.

तर तिसरा अंक कापू नकोस. वेळ कमी पडत असेल तर पहिल्या अंकातली वडील-भावाची थट्टा आटप, चालेल. मारिओचं काम कोणाला देतेयस ते कळव, आणि तालमी सुरू झाल्या की वार सांग, मी येते.

काकूंना नमस्कार.

तुझी,
अनघा