गणपतीला येत नाहीये, त्याबद्दल

टुकमकॅरी, न्यू मेक्सिको
२ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला मी येत नाहीये. रजा मिळाली होती, ती इथे खर्ची घातली. आई, लगेच बाबांकडे बघू नकोस. दिवाळीचं तिकीट काढलंय, वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरी असेन.

इथे म्हणजे रूट ६६ वर. शिकागोपासून सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत जवळजवळ चार हजार किलोमीटरचा जुना हमरस्ता. १९२६ चा, म्हणजे यंदा शंभरी. त्या निमित्ताने ठिकठिकाणी डागडुजी नि रंगरंगोटी चाललीये. बंद पडलेली डायनरं, म्हणजे रस्त्याकडेची छोटी हॉटेलं, आहेत तशी फोटोत टिपायची तर आत्ताच. पुढच्या वर्षी गेली असतीस तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणणार. बिघडलं असतं.

काल ग्लेनरिओला गेले. अर्धं गाव टेक्ससमध्ये, अर्धं न्यू मेक्सिकोत. टेक्ससच्या बाजूला दारूबंदी, म्हणून बार न्यू मेक्सिकोच्या बाजूला. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवर कर जास्त, म्हणून पंप टेक्ससमध्ये. मग शेजारून आय-४० हा नवा महामार्ग गेला आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. आता कुत्रंसुद्धा नाही.

वाटेत एका डायनरच्या फुटक्या काचेतून आत पाहिलं. काउंटरपुढे स्टुलांचे लोखंडी खांब तेवढे जमिनीत उभे, वरच्या गाद्या कोणीतरी नेलेल्या. भिंतीवर दरपत्रकाच्या जागी फिकट चौकोन. तसाच आपल्या हॉटेलाच्या भिंतीवर होता. एक्सप्रेस-वे झाल्यावर तुम्ही पाटी उतरवून पोत्यात गुंडाळलीत आणि म्हणालात, 'रंगवायला देतोय.' मी नववीत होते, बाबा. कळत होतं मला.

दुखवायला नाही लिहीत. आपल्या हॉटेलाचा एकच फोटो आहे, ताईच्या साखरपुड्यातला, आणि त्यातही मामा मध्ये आलाय. म्हणून हे वेड.

काळजी नको. मी एकटी नाही, ऑफिसातली मैत्रीण बरोबर आहे. पडक्या इमारतीत पाय ठेवत नाही, बाहेरूनच फोटो काढते. पाण्याचे कॅन डिकीत असतात. मोटेलवाल्या काकू गुजराती निघाल्या. सकाळी आल्याचा चहा हातात देतात, काल तर खिचडी पाठवली. मेतकूट संपलंय, बाकी काही कमी नाही. रात्री मात्र हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येतो, आणि मला गल्ल्यामागच्या बाकड्यावर तुझ्या पदराखाली झोपल्यासारखं वाटतं, आई.

आता ऐका. बाबा, मोदक दोनच. तिसरा खाल्लात तर आई मला कळवणार आहे, ठरलंय आमचं. आई, मखर काढायला स्टुलावर चढायचं नाही, वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मार. गुडघ्याचा एक्स-रे 'गणपतीनंतर' नको. याच आठवड्यात काढ आणि रिपोर्टचा फोटो पाठव.

आणि बाबा, ती पाटी अजून माळ्यावर आहे ना? असू दे. दिवाळीत मी उतरवीन. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही.

तुमची,
चिमी