तिजोरीला दोन चाव्या, सर्व्हरला एकच?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका असं तुम्ही रोज छापता ते बरोबरच आहे, पण लोकांनी तरी किती जपायचं हो, त्यांचा डेटा जिथे ठेवलाय तिथे काय चाललंय ते पण लिहा कधीतरी.

मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरची कामं करतो. एका पतसंस्थेतला कॉम्प्युटर बघणारा मुलगा गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला (भांडण वगैरे काही नाही, पुण्यात चांगली मिळाली), तर मॅनेजर साहेब म्हणाले जरा सर्व्हरचा पासवर्ड बदलून द्या. पाच मिनिटांचं काम म्हणून गेलो आणि तीन दिवस अडकलो. मायएसक्यूएल, म्हणजे सगळा डेटा साठवणारा डेटाबेस, त्याचं रूट (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) हे एकच खातं, तेच तो मुलगा वापरायचा, तेच सपोर्टवाले, आणि काउंटरवरचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच खात्याने जोडलेलं, प्रत्येक शाखेच्या मशीनवर कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) पासवर्ड उघडा लिहिलेला. म्हणजे बदलला की सगळे काउंटर बंद! म्हणूनच सहा वर्षं कोणी हात लावला नव्हता. वर रूटच्या होस्टच्या जागी (कुठल्या मशीनवरून यायचं ते जिथे लिहितात तिथे) टक्क्याचं चिन्ह, म्हणजे कुठल्याही मशीनवरून या.

याच संस्थेत तिजोरीची एक चावी मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे, दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. आणि इथे सर्व्हरच्या लॉगमध्ये (कोणी काय केलं त्या नोंदीत) बघावं तर नुसतं रूट, रूट, रूट, उद्या कोणाच्या ठेवीचा आकडा बदलला तर नाव कोणाचं घेणार?

शेवटी रविवारी सगळ्या शाखा फिरलो. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका खात्याला जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड काही दिवस चालू ठेवता येतात, तसं असतं तर ही पळापळ वाचली असती, पण सर्व्हर जुना. सॉफ्टवेअरला वेगळं खातं दिलं, त्याच एका डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट (वाचणं, नवी नोंद घालणं, बदलणं) एवढंच, ड्रॉप (टेबलच उडवणं) नाही, ग्रँट (दुसऱ्याला अधिकार देणं) नाही (एका स्क्रीनला डिलीट, म्हणजे नोंद पुसणं, लागतं म्हणे, ते त्या टेबलापुरतं दिलं). रिपोर्टवाल्याला फक्त सिलेक्ट. रूट फक्त लोकलहोस्टवरून, म्हणजे त्या सर्व्हरवरूनच, त्याचा पासवर्ड पाकिटात सील करून तिजोरीत. सपोर्टवाले चिडले, रूट नाही तर आम्ही जबाबदार नाही म्हणाले, म्हटलं आधी तरी कुठे होता.

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा नीट काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड सांगतो, तरी ऑडिटर येतात, रोकड मोजतात, ठेव पावत्या तपासतात, सर्व्हरवर कोणाकोणाची खाती आहेत हे माझ्यासमोर तरी एकानेही विचारलं नाही. एका ओळीच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) निघते ती यादी. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत मागून बघावी, सोडून गेलेल्यांची नावं त्यात आहेत का ते लगेच कळेल.

– एक वाचक, तासगाव