अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राशेजारच्या रेघा

प्रिय रूथ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. आईला सांगितलं की रेंज गेली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विणायला घेतलं.

"बाबा, आधी सात दिवस उपास-प्रार्थना करते, मग बायॉप्सीचं बघू," असं तू म्हणालीस आणि मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण तारीख तू दुसऱ्यांदा पुढे ढकलते आहेस. पहिल्यांदा ऑफिसचं काम होतं, तेव्हा मी गप्प बसलो. या वेळी तू देवाचं नाव पुढे केलंस. तुला वाटलं असेल, आता बाबांचं तोंड बंद.

असो. तारखेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. मी ओरडायच्या आधी तू हळूच विचारलं होतंस, "विश्वास घट्ट व्हावा म्हणून प्रार्थना कशी करायची?" तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आहे. चाळीस वर्षं उपासनेत तिसऱ्या बाकावर बसलो, त्यातली बरीच वर्षं घड्याळाकडे बघत. तरी विचारलंस मला, याचं बरं वाटलं.

त्या प्रार्थना-गटातल्या बाईंनी तुला सांगितलं ना, की तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून गाठ जात नाही? बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दोन्ही एका दमात. येशूने त्याला 'जा, आधी अविश्वास संपवून ये' असं म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला. मला तो बाप फार जवळचा वाटतो. माझ्या सगळ्या प्रार्थना त्याच्याच वाक्यातून चोरलेल्या आहेत म्हण.

आणि तू म्हणतेस शब्द सुचत नाहीत. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तय स्पष्ट लिहितो की तिसऱ्यांदाही तेच शब्द होते. नवीन काही नाही. लूक सांगतो, स्वर्गातून एक दूत आला आणि त्याने त्याला शक्ती दिली. दुःखाचा जो प्याला टळावा म्हणून तो विनवत होता, तो मात्र टळला नाही. तुला बळ हवंय ना, मग ही जागा वाच, सावकाश. प्रेषित पौलाने बंदिवासातून इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातल्या मंडळीला, लिहिलं तेव्हाही त्याने मागितलं ते हेच, की तुम्ही अंतर्यामी बलसंपन्न व्हावं. आपले साखळदंड तुटावेत असं त्या प्रार्थनेत कुठे नाही.

तू तीन तास गुडघ्यांवर बसतेस असं आई सांगत होती. एवढं नको. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाच, स्वतःच्या कानांना ऐकू जाईल असं. मग काय वाटतं ते देवाला सांग, राग असेल तर रागही. तेराव्या स्तोत्रात दावीद सरळ विचारतो, तू मला कुठवर विसरणार? दावीदाला चालतं तर तुलाही चालेल. नंतर थोडं गप्प बस. मन भरकटलं तर आण परत, शंभरदा आण. आणि रात्री झोप. बागेत शिष्य झोपले म्हणून त्यांना बोलणी बसली, पण एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग खायला दिलं, मग पुन्हा झोपू दिलं. उपदेश नंतर. आणि तू उपाशी पोटी...

बघ, लागलो प्रवचन द्यायला. माफ कर. पाळकांना मी यावरूनच नावं ठेवतो.

पण एक सांगूनच टाकतो. त्या बाईंनी तुला एक्याण्णवावं स्तोत्र पाठवलं, 'कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही' वगैरे. मलाही ते पाठ आहे. येशूला मोहात पाडायला मंदिराच्या शिखरावर नेणाऱ्या सैतानालाही पाठ होतं. 'उडी टाक, दूत तुला झेलतील' हे त्याने त्याच स्तोत्रातून काढलं. येशूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, म्हणाला. बाईंना मी सैतान म्हणत नाही, त्यांचा जीव आहे तुझ्यावर. मला फक्त शिखराची भीती वाटते.

हिज्कीया राजाचं तर तुला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. मरणाच्या आजारात भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली, आणि देवाने त्याला १५ वर्षं वाढवून दिली. ती गोष्ट सांगताना लोक पुढची ओळ गाळतात. यशया संदेष्ट्याने अंजिराची ढेप आणवली आणि ती त्याच्या गळवावर बांधली. उत्तर मिळालं होतं, शब्द मिळाला होता, तरी ढेप बांधलीच.

आलोच ना शेवटी तारखेवर. काय करू.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू आठ वर्षांची होतीस. दवाखान्याच्या जिन्यात बसून तू डोळे गच्च मिटून म्हणालीस, "देवा, आईला बरं कर. आणि करायचं नसेल तर मला आधी सांग." मी वरच्या पायरीवर उभा होतो. एवढी सरळ प्रार्थना मला आयुष्यात जमली नाही. त्या दिवसापासून मी घरातली प्रार्थना तुला सांगायला लावायचो. तुला वाटायचं, बाबा आळशी आहेत.

तुझ्याकडे आजीचं पवित्र शास्त्र आहे ना, त्यात अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राशेजारी समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. तू लहानपणी विचारलं होतंस आणि मी म्हणालो होतो, आजीचा काही हिशोब असेल. त्या माझ्या आहेत. ते स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि शेवटचा शब्दही अंधारच. ज्या रात्री मला प्रार्थना करता यायची नाही त्या रात्री ते वाचून मी एक रेघ ओढायचो. मोजू नकोस. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इथपासून निघून 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे माझे ओठ मिटायचे. शेजारी आई जरा मोठ्याने म्हणायची, माझा भागही धरून.

दादाच्या वेळी ताप उतरत नव्हता आणि मी पाळण्यावर हात ठेवून तीन रात्री प्रार्थना केली. डॉक्टरांकडे चौथ्या दिवशी गेलो. आई मला यावरून कधीच काही बोलली नाही.

म्हणून ओरडलो ग.

तेव्हा वाटायचं, माझा विश्वास संपला. मग कधीतरी मार्कमधला तो पक्षाघाती नव्याने वाचला, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं. तिथे लिहिलंय, येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. खाटेवरच्याचा किती होता, याचा उल्लेखच नाही. तुझा पुरेसा आहे की नाही हे तपासत बसू नकोस. एक कोपरा आईने धरलाय, एक मी. माझी पकड कच्ची आहे, पण धरलाय.

उपास करायचा तर बायॉप्सी झाल्यावर कर, मीही करेन तुझ्याबरोबर. डॉक्टरांना विचारून.

मी मंगळवारी रात्री पोचतो. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय. बुधवारी तू आत गेलीस की मी बाहेर बसेन. बोलणार नाही, उपदेश करणार नाही, जमलं तर तेच ते तीन शब्द पुटपुटेन. तू फक्त जुनी सोनोग्राफी फाईलमध्ये ठेव, मागच्या वेळी घरीच राहिली होती.

तुझा,
बाबा

ता.क. आई म्हणते, रेंज गेली नव्हती हे तिला माहीत होतं.