लाल रेघ कुठे तुटते ते बघ

कराड,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी तुझा आवाज ऐकला आणि नंतर जेवण गोड लागलं नाही. "बाबा, इंजिन झकास चालतंय, रेस दिली की वर जातंय, पण गाडी जागची हलत नाही," एवढं तू बोललीस आणि मागून कुणीतरी ओरडलं, "गिअरबॉक्स उघडूया." मी दोन-तीन गोष्टी विचारल्या, तू घाईत उत्तरं दिलीस आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही. दहा जण भोवती उभे असताना बापाने फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून सावकाश लिहितोय. याचा फोटो आत्ता पाठवतो आणि कागद पार्सलमध्ये घालतो. वर्कशॉपच्या भिंतीला लाव.

पहिली विनंती ही की गिअरबॉक्स एवढ्यात उघडू नका. पिथमपूरच्या शर्यतीसाठी तुम्ही बनवलेल्या गाडीचा तो बॉक्स तू डिझाइन केलास, त्याची जोडणी तू केलीस, म्हणून गाडी अडली की सगळ्यांची बोटं तिकडेच वळणार, हे मला कळतं. तुझ्या आवाजात तेच होतं. दोष तुझ्या बॉक्सात निघाला तर तू मान्य करशील, तेवढी मला खात्री आहे. पण गाडीने अजून काही सांगितलेलंच नाही. तिने सांगण्याआधी तू मान खाली घालू नकोस.

तुला मी विचारलं होतं, शेवटचा हात कुठे लागला? तू म्हणालीस, काल रात्री ज्युनिअर मुलांनी सीव्हीटीची, म्हणजे दोन पुल्या आणि पट्ट्यावर आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, पुढची पुली काढली होती, वजनं बदलायला. त्याआधी सकाळी गाडीने मैदानाला चकरा मारल्या होत्या. बाळा, गॅरेजमध्ये गाडी आली की मी गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतो. परवापर्यंत चालणारी गाडी काल कुणीतरी उघडली आणि आज चालत नाही, तर मी आधी तो उघडलेला भाग बघतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे बघितलं का?

आता गाडीकडे ये. तुमच्या एटीव्हीत, या खडबडीत रस्त्यावरच्या गाडीत, ताकद जाते ती अशी: इंजिनाचा शाफ्ट, त्यावर पुढची पुली, पट्टा, मागची पुली, तिथून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, आत दोन टप्प्यांचं रिडक्शन म्हणजे फेरे कमी करणारे गिअर, मग दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा स्पूल, दोन्ही बाजूंना चाकाकडे जाणारे दांडे म्हणजे हाफ शाफ्ट, हब आणि चाक. रिव्हर्स नाही, न्यूट्रल नाही, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. इंजिन फिरतंय, चाक फिरत नाही, म्हणजे या वाटेवर एक जागा अशी आहे की तिच्या अलीकडचं फिरतं आणि पलीकडचं थांबलेलं असतं. ती जागा सापडेपर्यंत मोठा पाना हातात घेऊ नका.

सगळ्यात आधी कान दे. रेस दिल्यावर इंजिन गुदमरलं, बंद पडायला आलं, तर पुढे काहीतरी जाम आहे. ब्रेक धरून राहिला असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. इंजिन मोकळं वर गेलं तर ताकद मध्येच सुटते आहे. आणि इंजिन पुरेसं वरच गेलं नाही तर पुढची पुली मिटणारच नाही, पट्टा पकडलाच जाणार नाही. अशा वेळी दोष अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये असतो आणि लोक गिअर उघडून बसतात. केबलचं दुसरं टोक इंजिनापाशी पूर्ण ओढलं जातंय का ते डोळ्यांनी बघ, पेडल दाबलं एवढ्यावर भरवसा ठेवू नकोस. तुझं इंजिन मोकळं वर जातं असं तू म्हणालीस. पट्टा जळल्याचा वासही आला नाही म्हणालीस. त्या वासाची गोष्ट मला फार मोलाची वाटली. पट्टा घसरत असता तर वास आला असता.

पट्ट्यावरून सांगतो. पट्ट्यावर चालणारी पहिली गाडी माझ्या हाती आली ती कायनेटिक होंडा. १९८४ मध्ये निघाली ती आणि बनायची पिथमपूरला, आता तू गाडी घेऊन निघालीस त्याच गावी. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही, हे तेव्हा आमच्या उस्तादालासुद्धा नवीन होतं. मी तिच्यावरच व्हेरिएटर, म्हणजे ही पुढची पुली, शिकलो. फेरे वाढले की वजनं बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, पट्टा वर चढतो. तुमच्या सीव्हीटीत वेगळं काही नाही, आईच्या अ‍ॅक्टिव्हातही हेच आहे. नवशिका असताना एका स्कूटरच्या व्हेरिएटरला मी हात सैल सोडून ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली, आवाज करते पण चढावर ओढत नाही. मी इंजिनावर संशय घेतला, रात्रभर बसून हेड उतरवलं, रिंगा बघितल्या. सगळं ठणठणीत. सकाळी उस्तादाने बाजूचं झाकण काढून पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. माझंच ग्रीस होतं. गिऱ्हाइकाच्या चांगल्या इंजिनाला मी विनाकारण पाना लावला होता, याची मला आजही लाज वाटते. म्हणून तुला एवढं कळवळून सांगतोय.

तेव्हा सीव्हीटीचं कव्हर काढल्यावर आधी बोट फिरव. थाळ्या कोरड्या हव्यात. तेलकट असतील तर फडक्याला थिनर लावून पूस, पट्टाही बघ. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील तर थाळीला बारीक पॉलिश पेपर मार आणि पट्टा बदल. हलणारी थाळी हाताने सरकवून बघ. अडकत असेल तर काल वजनं बसवताना काहीतरी तिरपं गेलंय.

आता खरी तपासणी. इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली, पट्टा उतरवलेला. मागची दोन्ही चाकं उचलून खाली घोड्या लाव. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणालाही खाली घालू नकोस, हे मी तुला सहावीत असल्यापासून सांगत आलोय.

डावं चाक हाताने फिरव. फिरतच नसेल तर ब्रेक धरलाय. ब्रेकच्या कॅलिपरचा ब्लीड निप्पल, तेल सोडायचा छोटा स्क्रू, किंचित सैल कर. चाक सुटलं तर तेलाचा दाब आत कोंडलाय, पेडलच्या दांड्याला मोकळी चाल ठेवलेली नाही. तरीही सुटलं नाही तर कॅलिपर किंवा बेअरिंग.

चाक फिरलं तर उजव्या चाकाकडे बघ. स्पूल आहे, तेव्हा दोन्ही एकाच दिशेला, बरोबरीने फिरायला हवीत. डावं एकटंच फिरलं तर दोन्हीकडचे हाफ शाफ्ट आणि हबचे स्प्लाइन, म्हणजे दातेरी खाचा, बघ, एका बाजूचा तुटलाय किंवा जॉइंटमधून निसटलाय. गाडी उचलल्यावर चाकं लोंबतात आणि त्या लोंबण्यानेच जॉइंट कधी बाहेर येतो, तेव्हा चाकाखाली लाकूड देऊन ती नेहमीच्या उंचीला आणून परत बघ. मला मात्र हाफ शाफ्टचा संशय कमी आहे. एका बाजूचा गेला असता तरी स्पूलमुळे दुसऱ्या चाकाने गाडी ओढली असती. डिफरन्शियल असतं तर गोष्ट वेगळी. तिथे एक बाजू तुटली की सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूने निघून जाते आणि धडधाकट चाक नुसतं उभं राहतं.

दोन्ही चाकं बरोबर फिरली की मागच्या पुलीवर खडूची खूण कर आणि फेरे मोज. तुझं रिडक्शन आठाला एक आहे ना? मग चाकाच्या एका फेऱ्याला पुली आठ वेळा फिरली पाहिजे. फिरली, खटका लागला नाही, मध्येच सुटल्यासारखं वाटलं नाही, तर तुझा गिअरबॉक्स हाताच्या जोराला तरी खरा उतरला. पुली थांबून राहिली तर तुटलं ते पुली आणि स्पूल यांच्या मध्ये. तेव्हाही आधी पुलीची चावी, म्हणजे पुलीला शाफ्टवर जखडणारी खाचेतली लहान पट्टी, बघ, मग ड्रेन बोल्ट काढून तेल पांढऱ्या कागदावर घे. नव्या गिअरची चांदीसारखी बारीक भुकटी चालते. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर बॉक्स उघड, तेव्हा मी तुला अडवणार नाही.

पण हाताने फिरवून सगळं कळत नाही. तुटलेली चावी नुसत्या बोल्टच्या पकडीवर हलका जोर सहन करते आणि गाडीचं वजन आलं की शाफ्ट आत फिरतो, पुली उभी. म्हणून चाकं हवेत फिरली तरी तेवढ्यावर सुटका झाली असं समजू नकोस. त्यासाठी मी नेलपॉलिश वापरतो. इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला जो बोल्ट आहे, त्याच्या डोक्यावरून वॉशर ओलांडून पुलीच्या हबपर्यंत एक सरळ लाल रेघ ओढ. तशीच मागच्या पुलीला आणि दोन्ही चाकांच्या हबला. दहा मिनिटं वाळू दे. मग पट्टा चढवून, कव्हर आणि गार्ड लावून गाडी मोकळ्या जागी जमिनीवर घे. ड्रायव्हरने बेल्ट बांधलेला, समोर कुणी नाही, पट्ट्याच्या रेषेत कुणी नाही, अंगठ्या, ओढण्या आणि मोकळे केस लांब. पाच सेकंद रेस द्यायला सांग, जास्त नाही, नाहीतर पट्टा भाजेल. किल स्विच दाबून इंजिन पूर्ण थांबल्यावर कव्हर काढ. ज्या जागी रेघ तुटून दोन तुकडे झालेत, तेवढंच उघड.

मला वाटतं रेघ इंजिनाच्या पुलीवर तुटेल. तू सहज बोलून गेलीस की मुलांच्या हातून जुनी चावी हरवली आणि दुकानातून ६ मिलिमीटरची पट्टी आणून त्यांनी नवी कापली. बाळा, तुमच्या इंजिनाचा शाफ्ट इंची मापाचा आहे. खाच पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाची चावी तिथे बसते, पण हलते, आणि प्रत्येक वेळी रेस दिली-सोडली की धक्के खाऊन ती कापली जाते. पण हे माझं वाटणं आहे. रेघ दुसरीकडे तुटली तर माझं ऐकू नकोस, रेघेचं ऐक. चावी निघालीच, तर खाचेच्या कडा चेपल्या आहेत का तेही बघ. चेपलेल्या खाचेत नवी चावी घालून पिथमपूरच्या चार तासांच्या शर्यतीत उतरू नका, पुली बदला.

आणि त्या ज्युनिअर पोरांवर चिडू नकोस. त्यांना कुणी मापाचं सांगितलं नव्हतं. चावी मापाच्या व्हर्निअर कॅलिपरमध्ये धरून त्यांना मिलिमीटरचे ते तीन-साडेतीन दशांश तूच दाखव.

उद्या सकाळच्या एसटीने पार्सल स्वारगेटला येईल. त्यात पाव इंची चावीसाठी ईएन-८ पोलादाची पट्टी आहे, जास्तच घातली आहे. लेथवाल्या काकांकडून दोन चाव्या कापून, कडा मारूनही ठेवल्यात. आईने नेलपॉलिशची नवी बाटली दिली आहे आणि तिच्या हाताच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. चटणी सगळ्यांत वाटून खा, त्या "गिअरबॉक्स उघडूया" म्हणणाऱ्यालाही दे.

रेघ कुठे तुटली ते कळव. कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागा आहे.

तुझा,
बाबा