आप्पा, त्या रात्री तुम्ही थांबलात

आप्पांस सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

गाढवांचा लळा मला लहानपणापासून. घरामागे कुंभारवाडा होता. माती वाहून दमलेल्या गाढवांच्या पाठीवरची काळी रेघ आणि खांद्यावरची आडवी रेघ मी बोटाने गिरवत बसायची. रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट शाळेत ऐकली आणि आपणही गाढव पाळायचं हे मनात पक्कं झालं. ते जमायला निवृत्ती उजाडली.

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात आले तेव्हा मी नुसती उंच काठेवाडी, म्हणजे गुजरातकडची, जनावरं बघत होते. तुम्ही स्वतः विकायला आला होतात, तरी तासभर माझ्याबरोबर फिरलात. जबडा उघडून दातांवरून वय कसं ओळखायचं ते दाखवलंत, गोणीने सोललेली पाठ हाताने चाचपायला शिकवलंत. "एकटं नेऊ नका बाई, जोडी न्या," म्हणालात. गंगी आणि राधी अशा घरी आल्या. पावसाआधी छप्पर करा, गाढवाला भिजणं सोसत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, गप्प उभ्या गाढवाकडे लक्ष ठेवा, ते दुखणं दाखवत नाही.

आषाढात गंगी तशीच गप्प उभी होती. पोटशूळ होता. डॉक्टर येऊन गेले, तुम्हीही रात्री मोटारसायकलवरून आलात, पण ती वाचली नाही. राधीला बघवणार नाही म्हणून मी तिला लांब बांधायला निघाले. तुम्ही माझ्या हातातला दोर घेतलात आणि तिला गंगीजवळ मोकळं सोडलंत. राधीने तिला हुंगलं, नाकाने ढोसलं, मग पहाटेपर्यंत शेजारी उभी राहिली. तुम्ही पोत्यावर बसून होतात. उजाडल्यावर ती आपणच बाजूला झाली, तेव्हा कुठे आपण खड्डा खणला. दुपारी तिने कडब्याला तोंड लावलं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, सोबती अचानक दिसेनासा झाला की गाढव चारा सोडतं. उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि तेही दगावू शकतं. आप्पा, त्या रात्री तुम्ही माझी राधी वाचवलीत.

जेसीबी आणि टेम्पो आल्यापासून आमची जनावरं कोण विचारतो, असं तुम्ही म्हणाला होतात. खरंच आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात तीन लाखांवर गाढवं होती, २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आसपास उरली. तुमच्या वडार आळीत पिढ्यान् पिढ्या साठलेलं हे ज्ञान मला मिळालं, ते मी वहीत लिहून ठेवते आहे.

राधीजवळ सध्या शेळी बांधते, पण तिचं मन रमत नाही. पौष पौर्णिमेला मी येतेय. दात तुम्हीच बघायचे.

तुमची,
गंगी-राधीची बाई