आप्पा, वजन मोजून कळवा

अटलांटा, १२ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

डिस्नेच्या सहलीत आप्पा फिरणार कसे, हा विषय फोनवर तीनदा काढला. तिन्ही वेळा आप्पा "बघू" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. त्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं मिळून वाचा. आई, चष्मा लावून तू मोठ्याने वाच, म्हणजे आप्पांना मधेच उठून जाता येणार नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण पाच जण ऑर्लँडोला डिस्ने बघायला जायचं ठरलंय. थंडी बेताची असते, पावसाचेही दिवस नाहीत. फक्त तिकिटं काढायच्या आधी मला एक गोष्ट पक्की करायची आहे. आप्पा तिथे फिरणार कसे?

"चालत फिरेन. मी काय पांगळा शे का?" हे तुमचं उत्तर मला पाठ आहे.

पांगळे तुम्ही नाहीच. बत्तीस वर्षं एसटी चालवली, कन्नडचा घाट दिवसातून दोनदा चढलात-उतरलात, क्लच दाबून दाबून डावा गुडघा झिजला, तरी एक दिवस खाडा केला नाही. पण गेल्या चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर काय झालं ते मला आईने सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. इतकी वर्षं चाळीसगावहून मालेगाव, कळवण, नांदुरी करत पायी वणीला गेलात. या वेळी बसने गेलात, म्हणून मनाला लागलं असेल, मला कळतं. त्या भरात वर नेणारी रुळांवरची ट्रॉली सोडून पाचेकशे पायऱ्या चढलात. उतरताना गुडघा अडकला, पायरीवरच बसलात, आणि ओळख ना पाळख अशा दोन पोरांनी खांद्याला धरून खाली आणलं. आठ दिवस सूज उतरली नव्हती. आई ट्रॉलीने गेली, वर जाऊन तुमची वाट बघत बसली. ती ट्रॉली २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा "म्हाताऱ्या माणसांची सोय झाली" असं तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत. आई ट्रॉलीत बसली म्हणून तिचं दर्शन कमी भरलं का, आप्पा?

आता तिथलं अंतर सांगते. जत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तासाभरात पायाखालून जाणारी जत्रा येते. हे तसं नाही. डिस्नेची एकूण जागा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिच्यात चार वेगवेगळी पार्कं आहेत. पहिलं, किल्ल्याचं, १९७१ मध्ये सुरू झालं. दुसरं एपकॉट १९८२ चं, तिसरं सिनेमाचं १९८९ चं आणि चौथं प्राण्यांचं १९९८ चं. एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. त्या तळ्याची नुसती एक फेरी दोन किलोमीटरची भरते, आणि तळ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धं पार्क चालून झालेलं असतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा रात्री मोबाईलमध्ये बघितलं, एका दिवसात तेरा किलोमीटर झाले होते. चाळीसगावहून पाटणादेवीला निघाले असते तर अर्ध्याच्या बरीच पुढे गेले असते. तेही सगळं काँक्रीटवर, थांबत, उभं राहत, गर्दीतून. माझे पाय दुसऱ्या दिवशी उचलत नव्हते आणि मी बेचाळीस वर्षांची आहे. आपल्याला असे चार दिवस काढायचे आहेत.

खुर्चीचं नाव काढलं की तुम्ही का बिथरता तेही मला माहीत आहे. मागच्या खेपेला इथल्या एका संग्रहालयात दारातच फुकट मिळाली म्हणून व्हीलचेअर घेतली. चूक माझी होती, मी ती तपासली नाही. डावा ब्रेक ढिला होता, पाय ठेवायची पट्टी लोंबत होती. आईने कुणाला हात लावू दिला नाही, "मीच ढकलते" म्हणाली. उतारावर खुर्ची पुढे ओढायला लागली तेव्हा तिला आवरताना आईच्या खांद्यात जी कळ भरली ती पंधरा दिवस गेली नाही. तुम्ही खुर्चीत मान खाली घालून बसला होतात. तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी हाताने ढकलायची खुर्ची मी यादीतून काढूनच टाकली. तुम्ही अधिक खुर्ची मिळून शंभर किलोच्या घरात जाणार. ते ढकलायला आईच पुढे होणार, आणि तिचा खांदा आता ते पेलणार नाही.

काठीवर तेरा किलोमीटर होत नाहीत. चार चाकांचा, बसायची सीट असलेला वॉकरही बघितला. चांगला आहे, पण तो तुमच्यापेक्षा आईच्या कामाचा. तिला मधूनमधून टेकायला लागतं आणि बाकडं वेळेवर सापडत नाही. आई, तुझ्यासाठी तो घेतेय. बसण्याआधी दोन्ही ब्रेक खाली दाबून पक्के करायचे, एवढंच लक्षात ठेव.

आप्पा, तुमच्यासाठी मला बॅटरीवरची स्कूटर घ्यायची आहे. ढकलायला कुणी लागत नाही. चालवणार तुम्ही.

मागच्या शनिवारी भाड्याने देणाऱ्या इथल्या एका दुकानात जाऊन मी स्वतः दीड तास चालवून बघितली. तुम्हाला समजेल अशी सांगते. पुढे हँडल, खाली पाय ठेवायला सपाट जागा, मागे पाठ असलेली सीट. ती बाजूला फिरते, त्यामुळे उतरताना गुडघा वळवावा लागत नाही. पायाने करायचं काहीच नाही, ना क्लच, ना ब्रेक. उजव्या अंगठ्याने पट्टी दाबली की पुढे, डावी दाबली की मागे. रिव्हर्सला टीं-टीं वाजतं. पट्टी सोडली की आपोआप ब्रेक लागतो. वेगासाठी एक गोल बटण आहे, त्याच्या एका टोकाला सशाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला कासवाचं. नातवाने लगेच सांगून टाकलंय की आजोबांनी कासवावरच ठेवायचं, कारण शर्यत कासव जिंकतं.

तीन चाकांची आणि चार चाकांची अशा दोन्ही असतात. तीन चाकी जागच्या जागी वळते आणि पायाला ऐसपैस जागा देते, पण वेगात वळवली किंवा उतारावर तिरकी घातली तर कलंडायची भीती. मी चार चाकी ठरवली आहे. तिला वळायला जागा जास्त लागते, पण ज्याने घाटातल्या वळणावर बस वळवली त्याला त्याचं काय.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. मागे मोटरजवळ एक दांडी असते, बंद पडलेली स्कूटर ढकलता यावी म्हणून. ती ओढली की गाडी न्यूट्रलमध्ये जाते आणि मग तो आपोआप लागणारा ब्रेक लागत नाही. दुकानातला माणूस मला हे समजावत होता तेव्हा तुमचाच आवाज कानात आला, "घाटात न्यूट्रल टाकायचं नाही." तेच इथे. आणि उतरलात की चावी काढून खिशात.

आता तुम्हाला ज्यात खरा रस वाटेल ते. आपण डिस्नेच्याच हॉटेलात राहणार, आणि तिथून पार्कापर्यंत त्यांच्या बस धावतात. बस थांब्यावर आली की पुढच्या बाजूने सावकाश खाली बसते, हवा सोडल्याचा सुस्कारा ऐकू येतो, मग दारातून रॅम्प बाहेर येतो. स्कूटरवाल्याला आधी आत घेतात. तुम्ही कासवावर ठेवून सरळ आत जायचं, ड्रायव्हर दाखवेल तिथे लावायची. मग ड्रायव्हर स्वतः जागेवरून उठून येतो आणि पट्ट्यांनी स्कूटर जमिनीला बांधतो. मागच्या वेळी तो वाकून बांधत होता तेव्हा मला तुम्ही आठवलात. खेड्यावरच्या म्हाताऱ्यांना हात देऊन वर घ्यायला तुम्हीही असेच सीटवरून उतरत होतात. एका बसमध्ये अशा जागा थोड्याच असतात, भरल्या असतील तर पुढच्या बसपर्यंत थांबायचं. बसमध्ये साधारण ३२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब स्कूटर बसते, म्हणून दुकानात मी टेप लावून मोजूनच घेतली.

नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की खुर्ची घेतली की रांगेत उभं राहावं लागत नाही. ते खरं नाही. पाय दुखतो म्हणून पुढे सोडत नाहीत. बहुतेक ठिकाणी स्कूटर रांगेतूनच पुढे सरकते. आप्पा, तुम्हाला ते आवडेलच, गडावर पाससाठी कुणाची ओळख सांगायला तुम्ही कधी तयार झाला नाहीत. आपण फक्त बसून रांगेत असू.

प्राण्यांच्या पार्कात उघड्या ट्रकमधून जिराफ, हत्ती, सिंह दाखवतात. तिथे स्कूटर बाहेर ठेवून दोन पावलं चढून बसायचं, तेवढं तुम्हाला सहज जमतं. आई, तू तिथे माझ्या शेजारी बस, रस्ता मुद्दाम खडबडीत केलाय, हादरे बसतात.

एका नियमाने मात्र घरात रडारड होणार आहे. स्कूटरवर एकच माणूस, आणि चालवणारा १८ वर्षांचा तरी हवा. नातवाला मांडीवर घ्यायची परवानगी नाही. तुम्ही त्याला शेतात ट्रॅक्टरवर पुढ्यात बसवलं होतंत, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. त्याला आत्तापासून सांगतेय की तू आजोबांच्या शेजारून बास्केट धरून चालायचं आणि गर्दीत वाट करून द्यायची. कंडक्टरचं काम म्हटल्यावर तयार झाला.

भाड्याचं विचारणार हे माहीत आहे, म्हणून तेही लिहिते. पार्काच्या दारातही स्कूटर मिळते, पण ती आधी राखून ठेवता येत नाही. सकाळी उशीर झाला की संपते. शिवाय ती पार्काबाहेर नेता येत नाही, म्हणजे हॉटेलपासून दारापर्यंत आणि रात्री दमल्यावर परत, तुम्ही चालतच. बाहेरच्या दुकानातली स्कूटर हॉटेलवर आणून देतात, आपल्याला हजर राहून ताब्यात घ्यायची असते. रात्री खोलीतच चार्जिंगला लावायची. मला सात दिवसांचे १९५ डॉलर सांगितलेत, बिघाडाचा विमा धरून. मी विचारून घेतलं की रस्त्यात बंद पडली तर काय. दुसरी आणून देतात. चोरी विम्यात नाही, म्हणून ती चावी. रुपयांत गुणाकार करू नका आप्पा. माझ्या बारावीच्या क्लासची फी भरायला तुम्ही डबल ड्युट्या केल्यात, त्याचा गुणाकार मी कधी केला नाही.

एकदम गर्दीत मी तुम्हाला सोडणार नाही. निघायच्या आधी दोन दिवस तशीच स्कूटर इथे भाड्याने घेतेय. आमच्या सोसायटीमागे शाळेचं मोठं पार्किंग आहे, रविवारी रिकामं असतं. डेपोत नव्या ड्रायव्हरला डबे ठेवून रिव्हर्स शिकवायचात तसे डबे ठेवू. नाही जमलं, नाही आवडलं, तर तिथेच सांगा. मग आपण दिवसाला एकच पार्क, तेही दुपारपर्यंतच करू. मला तुम्हाला जबरदस्ती करायची नाही. तुम्ही बाकड्यावर पिशव्या राखत बसलेले आणि आम्ही पुढे गेलेले, एवढंच मला नको आहे. लग्नांत, जत्रांत, सगळीकडे हल्ली तसंच होतं. तुम्ही "व्हा पुढे, मी आलोच" म्हणता आणि येत नाही.

डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की दिवसभर बसून राहिलं तर चालेल का. माझ्या अंदाजाने ते तासाला उठून चार पावलं टाका म्हणतील. टाकू. सुजेवरच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून आणा आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईच्या विमानतळावर खुर्ची मी तिकिटातच सांगून ठेवली आहे. तिथे तरी नाही म्हणू नका, खुर्ची ढकलणारा माणूस कागदपत्रांच्या रांगांतूनही सोबत करतो, आणि आईला एकटीला सगळ्या बॅगा ओढाव्या लागणार नाहीत.

आई, कळण्याचं पीठ आणि लसणाची चटणी आण, बाकी काही नको. भरताची वांगी इथे मिळतात, जळगावच्या वांग्यांची चव नाही, पण चालवून घेऊ.

आता माझं काम. दुकानदाराला तीन आकडे हवे आहेत: आप्पांचं वजन, उंची आणि बसल्यावर गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप. वजन घरच्या जुन्या काट्यावर करू नका, तो तीन किलो कमी दाखवतो. दवाखान्यात गुडघा दाखवायला जाल तेव्हा तिथेच करा. माप आईने शिवणाच्या टेपने घ्यावं, चप्पल घालून. रविवारपर्यंत कळवा. सोमवारी मला पैसे भरून स्कूटर नावावर करायची आहे, फेब्रुवारीत चार चाकी लवकर संपतात.

तुमची,
ताई